दिवसाला सात डाएट कोला, वर चहा. कमी कसं करायचं?

उद्यमनगरी
सोमवार, रात्री ११:४८

मंडळी, धागा काढायची लाज वाटते आहे, तरी काढतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनं), एक जुनी लेथ, चार पोरं. पंपांच्या बीडाच्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. गेल्या शनिवारी भंगारवाला आला. बीडाच्या चुऱ्याची पोती उचलून झाली, मग त्यानं कोपऱ्यातलं एक हलकं पोतं काट्यावर टाकलं. रिकाम्या कॅनचं. दोन किलो सातशे ग्रॅम. म्हणाला, "मालक, लग्न होतं काय घरात?"

पोरांनी हसू दाबलं. ती चहावाली, कॅनला हातही लावत नाहीत. मी गंमत म्हणून एक रिकामा कॅन आमच्या छोट्या काट्यावर ठेवला. तेरा ग्रॅम. भागाकार केला, दोनशे सात आले. आधीचं पोतं बरोबर महिन्यापूर्वी गेलेलं. म्हणजे रोज सात. मला कुणी विचारलं असतं तर मी जोतिबाची शपथ घेऊन तीन, फार तर चार सांगितले असते.

पूर्वपीठिका अशी, की सहा वर्षांपूर्वी एचबीए१सी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ निघालं. डॉक्टरांनी गोड कोला बंद करायला सांगितला. मी डाएटवर आलो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. साखर शून्य, कॅलरी शून्य, मग मोजायचं कशाला? तिथंच घोळ झाला. न मोजता सहा वर्षं गेली. चाळीस रुपयांचा कॅन धरला तर महिन्याला आठ हजार चारशे. एवढ्यात एका पोराचा पगारवाढीचा प्रश्न मिटला असता. हे बायकोनं सांगितलं, मी नाही.

शिवाय दिवसाला पाच चहा. झोप रात्री दोनशिवाय नाही. अंथरुणावर पडलं की छातीत फडफड, घशाशी आंबट. ईसीजी काढला, चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आधी ते डबे कमी करा, मग बोलू.

तर ज्यांनी कमी केलंय त्यांनी लिहा. ज्ञान नको, अनुभव द्या. (ज्ञान दिलंत तरी वाचणार आहे, जाग आहेच.)


पांढरा_रस्सा
सोमवार, रात्री ११:५९

भावा, सात? इषय हार्ड. खुर्ची टाकून बसतो आता या धाग्यावर.


सातवी_गल्ली
मंगळवार, सकाळी ७:१०

माझा अनुभव: एका झटक्यात बंद. मी पंधरा वर्षांची तंबाखू अशीच सोडली. पुडी रंकाळ्यात टाकली आणि मागं बघितलं नाही. (रंकाळ्यात टाकायला नको होती, मान्य.) हळूहळू सोडणारा कधीच सोडत नाही. आज चार, उद्या पाहुणे आले म्हणून सहा. शनिवार-रविवार गाठ, दोन दिवस दात-ओठ खा, सोमवारी मोकळा.


मंगळवारपेठकर
मंगळवार, सकाळी ९:३२

सातवी गल्लीला अनुमोदन. आणि त्या डब्याच्या जागी पहाटे गंगावेशीत जा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर फेस. तालमीतली पोरं त्यावर जोर काढतात. फेसच पाहिजे ना तुला? तो पण आहे.


उद्यमनगरी
मंगळवार, रात्री १२:२०

@मंगळवारपेठकर, रोज सात ग्लास म्हशीचं दूध घेतलं तर मला खासबागेत उतरवावं लागेल, आणि कुस्ती मारायला नाही, उचलून न्यायला.

@सातवी_गल्ली, पटलं. शुक्रवारी रात्री शेवटचा कॅन. रविवारी जोतिबाचा खेटा आहे, दरवर्षी चालत जातो. देवाच्या वाटेवरच सुटेल.


गडहिंग्लजची
बुधवार, दुपारी ३:०५

मी शाळेत शिकवतो. (आमच्याकडं बायकाही 'करतो, जातो' म्हणतात, पुण्याच्या लोकांनी घाबरू नये.) कोला नाही, पण चहा दिवसाला दहा. स्टाफरूममध्ये चार, घरी तीन, आणि पालकांना भेटायला गेलं की प्रत्येक उंबऱ्याला एक. हिमोग्लोबिन नऊवर आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न जेवणाचा नाही, चहाचा विचारला. जेवणाबरोबर किंवा लगेच मागून चहा घेतला तर भाजी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. तेव्हापासून जेवणाच्या आधी-नंतर तास-दीड तास चहा नाही. तेवढ्यानंच दहाचे सहा झाले, सोडायचं असं काही ठरवावं लागलं नाही.

उरलेले पाहुणचाराचे. "घोटभर तरी घ्या" ला नाही म्हणता येत नाही. मी बशी मागतो. बशीभर ओतून घ्यायचा, कप परत. मान राहतो, चहा निम्मा.


पांढरा_रस्सा
बुधवार, दुपारी ३:४०

बशीची आयडिया जगात भारी.


उद्यमनगरी
रविवार, रात्री ९:१५

खेट्याचा वृत्तांत. हसायचं असेल त्यांनी हसून घ्या.

शुक्रवारी रात्री दहाला शेवटचा कॅन. चहाही बंद केला, करायचं तर पुरतं. शनिवारी दिवसभर जांभया, संध्याकाळी कपाळावर कुणीतरी ओली पट्टी आवळावी तसं. लवकर झोपलो. रविवारी पहाटे चारला पंचगंगेच्या पुलावरून निघालो, अनवाणी. वडणग्यापर्यंत ठीक. कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला आणि डोक्यात प्रत्येक पावलाबरोबर घण. डोळ्यांच्या मागं. शेजारून लोक "चांगभलं" म्हणत चाललेत, त्या आवाजानं मळमळतंय. गायमुखाजवळ कडेला बसलो आणि ओकलो. एक म्हातारी नारळ-खोबऱ्याची पिशवी सांभाळत थांबली, म्हणाली, "पित्त झालंय लेकरा, ऊन लागलं." सकाळचे साडेसात, कसलं ऊन.

वर पोचलो, दर्शन कसंबसं. खाली येताना दुकानातून डोकेदुखीची गोळी घेतली. अर्ध्या तासात डोकं असं उतरलं की मला वाटलं, खेटा पावला. घरी येऊन चष्मा लावून गोळीची पट्टी वाचली. पॅरासिटामॉल, आणि खाली बारीक अक्षरात: कॅफिन.

आत्ता समोर कॅन आहे. उघडलेला.


सातवी_गल्ली
रविवार, रात्री ९:३०

आता गं बाई. माफी असावी.


स्टेथो_आणि_मिसळ
रविवार, रात्री ११:०२

गेले चार दिवस धागा वाचत होतो, आधीच लिहायला हवं होतं. मी डॉक्टर आहे, तुमचा नव्हे, तेव्हा हे सर्वसाधारण.

तंबाखू झटक्यात सोडणं जमलं असेल, पण कॅफिनची गोष्ट निराळी. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की थकवा, झोप जाणवते. कॅफिन काय करतं, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून ती जागा धरतं. अ‍ॅडेनोसिन उभंच. थकवा गेलेला नसतो, त्याला बसायला मिळालेलं नसतं. रोज असं झालं की मेंदू हळूहळू गाडीत सीटा वाढवतो. मग एके दिवशी तुम्ही सगळे रुमाल एकदम उचलता आणि दुप्पट पॅसेंजर धडाधड बसतात. त्यात कॅफिननं आवळलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, तो घण.

वेळापत्रक ठरलेलं आहे. शेवटच्या डोसानंतर बारा ते चोवीस तासांत सुरुवात, वीस ते एक्कावन्न तासांत सर्वांत जोर, आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत निचरा. तुम्ही शुक्रवारी रात्री दहाला थांबलात आणि रविवारी सकाळी साडेसातला गायमुखावर होतात. साडेतेहतीस तास. ऐन भरात चढ चढलात. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड, सुस्ती, हे सगळं त्यात बसतं. मानसोपचाराच्या डीएसएम-५ या ग्रंथात २०१३ पासून कॅफिन सुटण्याच्या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. म्हणजे तुमचं पित्त नव्हतं, ऊनही नव्हतं. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन मुद्दाम घालतात, कारण त्यानं गोळी जोरात चालते. तुमची तर दुप्पट चालली.

आता हिशेब. अमेरिकेतल्या ३५५ मिलीच्या डाएट कोकमध्ये ४६ मिलिग्रॅम कॅफिन असतं. आपल्याकडचा लहान कॅन चाळीसच्या आसपास धरू. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे २८०. टपरीचा चहा कपाच्या आकारावर आणि उकळण्यावर, तीस ते पन्नास. पाच कप म्हणजे दीडशे ते अडीचशे. बेरीज साडेचारशेच्या आसपास किंवा वर. धडधाकट प्रौढाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं अमेरिकेच्या आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्था म्हणतात. (गरोदर बाईला २००.) म्हणजे तुम्ही वेडेवाकडे वर नाही, कुंपणावर आहात. पण मुख्य अडचण बेरजेची नाही, वेळेची. रात्रीचा शेवटचा कॅन किती वाजता?


उद्यमनगरी
रविवार, रात्री ११:२०

डॉक्टर, साडेतेहतीस तास वाचून अंगावर काटा आला. शेवटचा कॅन साधारण दहाला. सेकंड शिफ्टचा माल तपासताना.


स्टेथो_आणि_मिसळ
रविवार, रात्री ११:४१

कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. माणसागणिक फरक असतो. सिगरेट ओढणाऱ्यात लवकर उतरतं (म्हणून सिगरेट सोडली की तेवढ्याच चहानं धडधड वाढते), गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत उशिरा. दहाचा कॅन पहाटे तीनला अर्धा शिल्लक, आणि संध्याकाळच्या चहा-कॅनची उधारी त्यावर. झोप नाही म्हणून सकाळी सुस्ती, सुस्ती म्हणून कॅन.

तेव्हा बंद करू नका, उतरवा. दर चार दिवसांनी एक कॅन कमी, तोही रात्रीकडून. आधी दहाचा, मग आठचा. दुपारी दोननंतर काही नाही इथपर्यंत आलात की निम्मं काम झालं. मधे डोकं चढलं तर आणखी चार दिवस तिथंच थांबा. चहाला या महिन्यात हात लावू नका, म्हणजे पाचाचे पाच राहू देत. एका वेळी एकच आघाडी.

आणि एक. छातीतली फडफड वाढली, चक्कर आली, चालताना दम लागला तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा.


सत्य_कडू_असतं
सोमवार, सकाळी ८:१५

सगळे कॅफिनवर बोलताहेत, खरं विष कुणी सांगत नाही. अ‍ॅस्पार्टेम, डाएटमधली कृत्रिम गोडी! जागतिक आरोग्य संघटनेनंच कॅन्सरकारक ठरवलंय. सात कॅन म्हणजे आत्महत्या. कंपन्या पैसे चारतात म्हणून डॉक्टर गप्प.


स्टेथो_आणि_मिसळ
सोमवार, दुपारी २:१०

मला चारलेले पैसे अजून खात्यात आले नाहीत.

जुलै २०२३ मध्ये दोन गोष्टी एकाच दिवशी जाहीर झाल्या. आरोग्य संघटनेच्या, कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसीनं अ‍ॅस्पार्टेमला '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कर्करोगाची शक्यता आहे, पुरावा तोकडा'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्या आहेत. ही यादी धोका किती हे सांगत नाही, पुरावा किती हे सांगते. दुसरी समिती किती खाल्लं तर चालेल ते बघते. तिनं जुनी मर्यादाच कायम ठेवली, वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम. कॅनमध्ये दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम धरलं तर सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला नऊ ते चौदा कॅन लागतात. सात कॅन त्याच्या आत आहेत, पण अंतर फार राखून नाहीत.

ज्यांना फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार आहे त्यांना मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्ण वर्ज्य. म्हणून कॅनवर तशी सूचना छापलेली असते.

उलट मला महत्त्वाची वाटते ती आरोग्य संघटनेचीच, त्याच वर्षी मे महिन्यात आलेली शिफारस: वजन आटोक्यात ठेवायला म्हणून बिनसाखरेची गोडी वापरू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. पण आमच्या उद्यमनगरींनी सहा वर्षं पाठ थोपटून घेतली, ती ज्या कारणासाठी, तिथंच ही शिफारस बोट ठेवते.


सत्य_कडू_असतं
सोमवार, दुपारी २:३०

कोरफडीचं माहीत नव्हतं. बाकी मुद्द्यांवर ठाम.


शाहूनगरी
सोमवार, संध्याकाळी ६:५०

धाग्यात चहाला फार शिव्या पडायच्या आत एक नोंद. याच गावात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून लोक फिरकेनात, तेव्हा राजर्षी शाहू महाराज लवाजम्यासह तिथं थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. कोल्हापूरच्या चहानं असलं काम केलेलं आहे. कोलानं काय केलंय सांगा.

तेव्हा कमी करायचं तर डबे कमी करा. सकाळचा चहा ठेवा. आपण गुळाचा करून घेतो, काही त्रास नाही.


स्टेथो_आणि_मिसळ
सोमवार, रात्री १०:०५

महाराजांच्या चहाला मुजरा. गुळाला नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मिळाला तो भौगोलिक मानांकनाचा. रक्तातली साखर किती वेगानं वाढते त्याचाही एक जीआय असतो, त्यात गूळ साखरेच्याच बाकावर बसतो. ६.१ वाल्यानं गुळाचा चहा 'चालतो' म्हणून प्यायचा नाही.


उद्यमनगरी
दोन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:३०

अहवाल. चार कॅनवर आहे. डोकं फक्त एकदा दुखलं, सहावरून पाचवर येताना, तेही दुपारभर.

पण लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. मोजायचं म्हणून मी मशीनला खडू बांधला. कॅन उघडला की पत्र्यावर रेघ, शेजारी वेळ. चार दिवसांनी रेघा बघितल्या आणि चक्रावलो. नऊ वाजून पाच, सव्वाअकरा, अकरा-छत्तीस, आणि तिसऱ्या प्रहरी दोन अशाच लागोपाठ. तहानेचा, जेवणाचा काही संबंध नाही. मग ध्यानात आलं. सध्याच्या जॉबचा सायकल टाइम एकवीस मिनिटांचा आहे. पीस फिक्सरमध्ये बसवला, क्लॅम्प आवळला, दार लावलं, हिरवं बटण दाबलं. कूलंटची धार सुरू झाली की मला करायला काही नसतं. आणि त्या क्षणी पाय फ्रिजकडं. फ्रिज मशीनपासून चार पावलांवर. मी स्वतःच तिथं ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवून बघितलं. कॅन हातात गार लागतो, वरची कडी ओढली की 'फस्स', पहिले दोन घोट घशाला टोचतात. मजा तिथं संपते. उरलेला मी मशीनच्या काचेतून टूल फिरताना बघत नुसता संपवतो, चवही लागत नाही. अर्ध्याहून जास्त कॅन असे, बटण दाबलं म्हणून.

तर फ्रिज माळ्यावर नेला. लोखंडी जिना, चौदा पायऱ्या. चार पोरांनी आणि मी मिळून चढवला, एक पोरगा म्हणतो, "मालक, सोडायचाय तर विकूया की." विकणार नाही, त्यात पोरांचे डबे असतात. आता बटण दाबल्यावर चौदा पायऱ्या आठवतात, आणि बऱ्याचदा मी दारातच जाऊन उभा राहतो. गल्लीत टेम्पो मागं घेताना बघतो. तेवढ्यात सायकल संपते.

आणखी एक, फौंड्रीवाल्यांच्या माहितीसाठी. पत्र्याखाली ठेवलेला उन्हाळ्यातला जुना क्रेट गोडीला पचकट लागतो, मला वाटायचं नकली माल. उष्णतेनं अ‍ॅस्पार्टेमची गोडी हळूहळू उतरते म्हणे. डॉक्टर, बरोबर?


स्टेथो_आणि_मिसळ
शुक्रवार, रात्री ११:१५

बरोबर. म्हणूनच ते स्वयंपाकात शिजवायला चालत नाही.

खडूची कल्पना मी पेशंटना सांगणार आहे. मी वहीत लिहायला सांगतो, कुणी लिहीत नाही.


गडहिंग्लजची
शनिवार, सकाळी ६:४०

चौदा पायऱ्या वाचून स्टाफरूमचा स्टोव्ह वरच्या मजल्यावर न्यायचा विचार आला. शिपाईमामा माझ्याशी बोलायचे बंद होतील.


दाढ_दुखते_का
शनिवार, दुपारी १:२०

दातांचा डॉक्टर आहे. या धाग्यात दात कुणालाच आठवले नाहीत, जसे ते दुखेपर्यंत कुणालाच आठवत नाहीत.

डाएट म्हणजे साखर नाही, म्हणून कीड कमी, इथपर्यंत बरोबर. पण त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. कोलाचा सामू अडीच-तीनच्या आसपास. दाताचं वरचं कवच, एनॅमल, साडेपाचच्या खाली विरघळू लागतं. लाळ थोड्या वेळात ते सावरते, पण तिला उसंत मिळायला पाहिजे. उद्यमनगरींनी जे वर्णन केलंय, काचेतून बघत वीस मिनिटं घोट-घोट, ते दातांसाठी सगळ्यात वाईट. प्यायचाच तर जेवणाबरोबर, एका बैठकीत, आणि मागून साध्या पाण्याची चूळ. लगेच ब्रश नको, मऊ झालेलं कवच घासलं जातं. अर्धा तास जाऊ दे.

गार पाणी पिताना खालच्या दातांत कळ जाते का?


उद्यमनगरी
शनिवार, दुपारी १:४५

जाते. मला वाटायचं वयोमान.


महाद्वार_रोडवरून
शनिवार, संध्याकाळी ५:३०

माझ्या सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे. सकाळी उठल्या की गोळी, आणि तिच्या मागून लगेच चहा. दोन वर्षं डोस वाढतच होता. मग डॉक्टरांनी गोळीनंतर तासभर काही नको सांगितलं, चहा तर नकोच, त्यानं गोळी अंगी लागत नाही. तास थांबायला लागल्या आणि पुढच्या तपासणीत आकडे जाग्यावर. चहावाल्या धाग्यात हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि बायकांसाठी: अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात (२००६) रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी निघाली होती, पुरुषांत तसं दिसलं नव्हतं. कारण पुरतं सिद्ध नाही. पण माझ्या लेकीच्या कॉलेजच्या डब्यात रोज कॅन जात होता, तो मी थांबवला.


पांढरा_रस्सा
रविवार, रात्री ८:००

सगळे शहाणे झाले. माझा प्रश्न: तांबड्या रश्श्याबरोबर थंडगार काय प्यायचं? पाणी चालत नाही, झणका वाढतो.


मंगळवारपेठकर
रविवार, रात्री ८:१२

ताक. हा प्रश्न कोल्हापुरात विचारतोस?


उद्यमनगरी
रविवार, रात्री ८:४०

@पांढरा_रस्सा, 'फस्स'चं व्यसन मी गोटी सोड्यानं भागवतो. लिंबू पिळून, साखर न घालता. मीठ चिमटीच्या टोकावर, बीपी सीमेवर आहे. गोटी आत ढकलली की जो आवाज येतो तो कॅनपेक्षा सरस.

फसलो तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात 'नैसर्गिक आहे' म्हणून रोज चारला कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस मारत होतो. घुंगरांचा आवाज, आलं-लिंबू, बर्फ. घरातल्या ग्लुकोमीटरवर तासाभरानं २१२ दिसलं. बायकोनं मशीन माझ्यासमोर धरलं आणि काही बोलली नाही. ते जास्त लागलं.


स्टेथो_आणि_मिसळ
रविवार, रात्री ९:३०

डाएट सोडून उसाचा रस म्हणजे आगीतून फुफाट्यात. यापेक्षा कॅन बरा, हे मला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.


सातवी_गल्ली
रविवार, रात्री ९:५०

मी या धाग्यावर पुन्हा सल्ला देणार नाही ठरवलं होतं, पण रसवंतीचा सल्ला माझा नव्हता हे नोंदवून ठेवतो.


उद्यमनगरी
पाच आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:१०

झोपायच्या आधी दोन ओळी. (दहा वाजता 'झोपायच्या आधी' लिहितोय, हे वाचून घ्या.)

रोजचा कॅन बंद. शनिवारी दुपारी जेवणाबरोबर एक, मुद्दाम ठेवलाय. चहा पाचावरून तीनवर, शेवटचा दुपारी दीडला. छातीतली फडफड गेलीच म्हणायची, महिन्यातून एखाद्या वेळी. घशाशी येणं पुष्कळ कमी. वजनात काडीचा फरक नाही, ज्यांना ते विचारायचं होतं त्यांच्यासाठी. एचबीए१सी पुढच्या महिन्यात.

मधे एकदा घसरलो. मोठी ऑर्डर परत आली, बोअर तीन शतांशानं मोठा, चाळीस पीस रिजेक्ट. त्या रात्री दोनपर्यंत कामावर होतो आणि पाच कॅन प्यालो, चौदा पायऱ्या पाच वेळा चढून. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून उतरवत बसलो नाही, सरळ घसरायच्या आधीच्या आकड्यावर आलो. डोकं दुखलं नाही. डॉक्टर, हे बरोबर केलं का माहीत नाही, पण चाललं.

आज भंगारवाला आला होता. चुऱ्याची पोती झाली, मग तो कोपऱ्यात बघत राहिला. तिथं तळाशी चार-पाच कॅन पडलेले. काट्यावर टाकायच्या लायकीचे नव्हते, त्यानं हातानंच उचलून पोत्यात टाकले. म्हणाला, "मालक, मंदी आहे काय धंद्यात?"


स्टेथो_आणि_मिसळ
मंगळवार, रात्री १०:३२

बरोबर केलंत. एका रात्रीनं सीटा वाढत नाहीत. एचबीए१सी आला की आकडा टाका.


पांढरा_रस्सा
मंगळवार, रात्री १०:४०

नाद खुळा. आणि त्या पोराच्या पगाराचं काय झालं?


उद्यमनगरी
बुधवार, सकाळी ९:०२

काल झोपलो होतो, आता वाचलं. एक तारखेपासून वाढवलाय. बायकोनं पोराला आधीच सांगून टाकलं होतं.